आठ खणांच्या सर्व्हरमध्ये एक डिस्क राखीव ठेवायची का?

ओसरी:
आमच्या ऑफिसात आठ खणांचा लिनक्स सर्व्हर आहे, प्रत्येक डिस्क ८ टीबीची. सात डिस्कवर रेड ५ (डिस्कचा असा गट, म्हणजे अ‍ॅरे, की ज्यातली एक गेली तरी डेटा वाचतो) आणि आठवी हॉट स्पेअर, म्हणजे एखादी गेली की आपोआप तिची जागा घेणारी राखीव डिस्क. ही मांडणी मोडावी असं माझं ठाम मत आहे. आठही डिस्क रेड ६ मध्ये (यात दोन गेल्या तरी डेटा वाचतो) घातल्या तरी जागा तेवढीच मिळते, ४८ टीबी. रेड ५ मधली डिस्क गेली की स्पेअर लगेच कामाला लागते, मान्य. पण सेकंदाला १५० एमबी वेग धरला तरी ८ टीबी भरायला पंधराएक तास जातात, दिवसा काम चालू असेल तर त्याहून जास्त. तेवढा वेळ उरलेल्या सहाही डिस्क अखंड वाचल्या जातात आणि त्यातली एक गेली की सगळं गेलं. रेड ६ मध्ये तेव्हाही एक पॅरिटी (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायची जादा माहिती) हाताशी असते. नववी डिस्क विकत घेऊन कपाटात ठेवू.

रात्रपाळी:
रेड ६ जरूर करा. माझा विरोध कपाटाला आहे. आमच्याकडे पाडव्याच्या आदल्या रात्री डिस्क गेली, ऑफिस उघडलं पाचव्या दिवशी. कपाटात डिस्क नव्हतीच, कुणीतरी ती सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला लावली होती. नवी आणली ती तेवढ्याच टीबीची, पण दुसऱ्या कंपनीची. काही सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) कमी भरले म्हणून अ‍ॅरेने ती घेतलीच नाही. सुट्टीत सर्व्हरपाशी कोण असतं? हॉट स्पेअरला किल्ली लागत नाही.

तारतम्य:
किल्ली लागत नाही हीच माझी अडचण आहे. डिस्क अ‍ॅरेबाहेर पडली म्हणजे मेलीच असं नसतं. आमची एकदा सैल केबलमुळे पडली. बिटमॅप (कुठला भाग बदलला याची नोंद) चालू होता, त्यामुळे केबल घट्ट करून तीच डिस्क परत जोडली आणि मधल्या वेळात बदललेला भाग तेवढा मिनिटांत जुळला. तिथे हॉट स्पेअर असती, तर लगेच पूर्ण रीबिल्ड (स्पेअर नव्याने भरणं) सुरू होऊन सगळ्या डिस्क विनाकारण राबल्या असत्या.

रात्रपाळी:
हा मुद्दा खरा आहे, मला तो सुचला नव्हता. पण स्पेअर डिस्क मरायच्या आधीही कामी येते. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) खराब सेक्टर वाढताना दिसले की एमडीएडीएम या लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या रिप्लेस आज्ञेने आजारी डिस्क अ‍ॅरेत ठेवूनच तिची नक्कल स्पेअरवर करता येते. जे सेक्टर वाचता येत नाहीत तेवढेच इतर डिस्कवरून काढले जातात. त्या काळात एकही पॅरिटी गमावावी लागत नाही. आणि हे मी घरी बसून करू शकतो.

गाळणी:
स्पेअर खणात असो की कपाटात, तिची लाँग टेस्ट (अख्खी डिस्क वाचून पाहणारी चाचणी) दर महिन्याला कोण करतं ते सांगा. वर्षानुवर्षं न वाचलेल्या डिस्कवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. प्रत्येक खणावर सिरियल नंबरही चिकटवा, घाईत चांगली डिस्क ओढली जाते. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये २०२१ पासून डीरेड ही रेडची पद्धत आहे, त्यात स्पेअरची जागा सगळ्या डिस्कवर पसरलेली असते आणि रीबिल्ड लवकर आटोपतो. पण तो मोठ्या अ‍ॅरेसाठी, आठ डिस्कला त्याचा फारसा उपयोग नाही.

ओसरी:
रेड ६ वर मी ठाम आहे. आठही खण भरले की रिप्लेससाठी खण उरणार नाही, म्हणून नववी डिस्क बाहेरून यूएसबी डॉकला लावून ठेवता येईल का ते तपासते. आत्ताच पाहिलं, एमडीएडीएमचा इशारा देणारा मेल रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिनच्या) खात्यात जातोय आणि ते खातं इथे कुणीच उघडत नाही. तो पत्ता आजच बदलते.