पॉवर स्टिअरिंगचा कूलर कुठे बसवलाय तेही बघा
पॉवर स्टिअरिंगचं तेल तापत असेल तर ते थंड करणारा कूलर लावला की विषय संपला असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, मला अर्धंच पटलं. रिटर्न लाईनवरच (तेल टाकीत परत नेणाऱ्या नळीवर) लावायचा हे बरोबर, पण जागेचं कोणी बोललंच नाही. माझ्या थारला मोठे टायर टाकल्यावर कूलर बंपरमागे खाली लावलेला, कर्जतच्या चिखलात स्टिअरिंगचा पंप कण्हायला लागला, बोनेट उघडून बघतो तर तेलाच्या टाकीत फेस आणि कूलरच्या पत्र्यांत लाल माती गच्च बसलेली, हवा जाणार कुठून! आता वर रेडिएटरपुढे घेतलाय, दर ट्रिपनंतर साध्या पाईपने धुतो, प्रेशर वॉशरने पत्रे वाकतात.

आणि चाक दगडात अडकलं की स्टिअरिंग फुल लॉकला (पार टोकापर्यंत वळवून) दाबून धरू नका प्लीज, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडून तेल पंपातच गरगरतं आणि बघता बघता तापतं, जरासं मागे सोडायचं.