नवऱ्याची चिडचिड, मुलाची पोटदुखी – मदत हवी आहे

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. नवरा चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये होता. तिथलं काम सुटलं, काही महिने घरी बसला, आता कमी पगारावर दुसरीकडे लागलाय. नोकरी लागली की गाडी रुळावर येईल असं वाटलं होतं. आली नाही.

दारू नाही, मारहाण नाही, त्यामुळे कुणाला सांगायला गेलं तर "मग अडचण काय?" असं विचारतात. अडचण ही, की रात्री तीनला उठून गॅलरीत बसलेला असतो. ताट अर्धं टाकून उठतो. मुलाच्या हातून पाणी सांडलं तरी अंगावर धावून जातो आणि मग दोन-दोन दिवस अबोला. सासूबाई म्हणतात, पुरुषमाणसाच्या डोक्याला ताप असतोच, तू फार मनावर घेतेस.

मुलगा तिसरीत आहे. खाली बाइक स्टँडला लावल्याचा आवाज आला की टीव्ही बंद करून वही उघडतो. परवा चाचणीच्या पेपरवर सही हवी होती, तर आधी स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारतो, "आज बाबा कसे आहेत?" शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

नवरा "मी काय वेडा आहे का?" म्हणतो. त्याला कसं न्यावं? मुलाला काय सांगावं? शाळेतल्या समुपदेशक बाईंशी बोलू का? घराचे हप्ते चालू आहेत, तेव्हा खर्चाचंही सांगा. "योगा करा, सकारात्मक राहा" कृपया नको, ते व्हॉट्सॲपवर रोज येतं.

प्रतिसाद

ताई, नवरा तयार होईपर्यंत मुलाचं थांबवू नका, समुपदेशक बाईंना भेटाच. सासूबाईंना सांगायला एक गोष्ट: इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागातल्या हजारो कुटुंबांचा अभ्यास २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बाळ दोन महिन्यांचं असताना ज्यांचे वडील नैराश्यात होते, त्या मुलांत साडेतीन वर्षांच्या वयात वागणुकीच्या तक्रारी जास्त दिसल्या. आईचं नैराश्य हिशेबात धरूनही.

नवऱ्याला "झोप लागत नाही" म्हणून फॅमिली डॉक्टरकडे न्या. माझ्या भावाला तसंच नेलं. थायरॉइड, बी-१२ तपासून त्यांनीच पुढची चिठ्ठी दिली. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच मनाने बंद करायच्या नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, तिथे खर्च फार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात, घरच्यांनी केला तरी चालतो. जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

मुलाला एवढंच सांगा: बाबांना बरं नाहीये, तुझ्यामुळे नाही, डॉक्टर बघतील. "बाबांना सांभाळून घे" हे ओझं त्याच्यावर नको.

धागाकर्ती

खूप आभार. तो सेकंड शिफ्टला गेला की १४४१६ लावते. फॅमिली डॉक्टरांना आधी एकटीने भेटून सगळं सांगून ठेवू का? त्याला नंतर कळलं तर पाठीमागे बोलले म्हणून बिथरेल, ही भीती आहे. कुणी असं केलंय का?