मदत हवी आहे: गुणोत्तर मध्य काढताना एक्सेलमध्ये एरर येते

कातळावरची_बाग: उद्या दुपारपर्यंत कर्जाचा फॉर्म द्यायचाय. त्यात वाढीचा सरासरी वार्षिक दर मागितलाय. भाचा म्हणाला गुणोत्तर मध्य घे. एक्सेलचं जिओमीन (GEOMEAN, गुणोत्तर मध्याचं सूत्र) लावलं तर एरर. फोनवरही जमत नाही. लवकर सांगा.

मालवणचो_झिल: आदी आकडे तरी दी. नुसती एरर सांगून आमका काय कळतला?

भूमितीवाले_मास्तर: दहावीत याला भूमितीमध्य म्हणतात. ४ आणि ९ चा ६, कारण ४ × ९ = ६ × ६. काटकोनातून कर्णावर टाकलेल्या लंबाने कर्णाचे ४ आणि ९ असे भाग झाले, तर तो लंब ६. आकृती काढून बघा, पक्कं बसेल.

कातळावरची_बाग: सर, त्रिकोण नको, हापूसच्या पेट्या आहेत. ५०, -४०, २०. टक्के.

हिशेब_रत्नागिरी: अडलंय ते त्या उणे ४० वर. जिओमीनला शून्य किंवा उणे आकडा चालत नाही. टक्के नको, पट घाला (५० चढले म्हणजे १.५ पट, ४० उतरले म्हणजे ०.६ पट): १.५, ०.६, १.२. गुणाकार १.०८, त्याचं घनमूळ १.०२६. वर्षाला २.६ टक्के.

कातळावरची_बाग: पण बेरीज करून ३ ने भागलं तर १० येतात!

हिशेब_रत्नागिरी: मुळात पेट्या किती?

कातळावरची_बाग: २००. मग ३००, १८०, २१६.

हिशेब_रत्नागिरी: २०० वर तीनदा १० टक्के चढवा, २६६ होतात. तुमच्या २१६ च आहेत. ५० टक्के चढले ते २०० वर, पण ४० उतरले ते ३०० वर. म्हणून बेरीज फसवते.

दापोलीची_सून: एवढं कशाला? २१६ भागिले २००, मग मूळ. मधली वर्षं लागतच नाहीत.

भूमितीवाले_मास्तर: तेच मला पटत नाही. १८० पर्यंत घसरलं होतं ते या दरात झाकलं जातं. चार वर्षांची साधी सरासरी २२४ पेट्या, तीही लिहा.

दापोलीची_सून: मास्तर, फॉर्मात दर मागितलाय, पेट्या नाहीत.

वेंगुर्ल्याची_कलमं: हापूस एक वर्षाआडच धरतो, आकडे खालीवर होणारच. रत्ना लावा. नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ साली आमच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आला. दरवर्षी धरतो.

कातळावरची_बाग: दापोलीताई, तुमच्या रीतीने १.९ येतंय.

दापोलीची_सून: चौथं मूळ घेतलंत. हंगाम चार, पण त्यांच्यामधले बदल तीन. घनमूळ घ्या.

कातळावरची_बाग: आलं, २.६. मास्तर, २२४ पण खाली लिहितो.