फॉस्जीन की फॉस्फीन?

प्रश्न (रामबाग, इंदूर): शेजारचे काका म्हणतात, भोपाळला सुटला तो फॉस्जीन. आई म्हणते, छे, तो गव्हात ठेवायच्या गोळ्यांचा गॅस. दोन्हींत फॉस्फरसच ना? मराठीत काय म्हणावं?

उत्तर: आईंच्या गोळ्यांचा तो फॉस्फीन. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडला दमट हवा लागली की सुटतो, त्यात फॉस्फरस असतो. फॉस्जीनमध्ये मात्र फॉस्फरस औषधालाही नाही! कार्बन, ऑक्सिजन आणि क्लोरीनचे दोन अणू, बस्स.

घोटाळा ‘फॉस्’ने केला. ग्रीकमध्ये फॉस् म्हणजे उजेड, आपल्या ‘भा’चा चुलतभाऊ. फॉस्फरस म्हणजे उजेड वाहणारा, कारण तो अंधारात चमकतो. फॉस्जीन म्हणजे उजेडातून जन्मलेला. 1812 मध्ये जॉन डेव्हीने कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन उन्हात ठेवले, त्यातून हा वायू झाला. क्लोरीनला नाव देणाऱ्या हंफ्री डेव्हीचा हा धाकटा भाऊ. बारशाची हौस घरातच असावी. आज कारखान्यांना ऊन लागत नाही, नाव तेच राहिलं.

हायड्रोजनचा ‘उद्जन’ झाला, त्या चालीने याचा ‘भाजन’ होईल, म्हणजे भांडं. नकोच. फॉस्जीनच लिहावं.

काकांचं म्हणाल, तर 1984 च्या 2-3 डिसेंबरच्या रात्री सुटला तो मिथिल आयसोसायनेट. फॉस्जीन हा तो बनवायचा कच्चा माल. त्याच कारखान्यात 1981 च्या डिसेंबरात फॉस्जीनने एका कामगाराचा जीव घेतला होता, त्यामुळे नावाची सरमिसळ झाली तर नवल नाही. गादीचा फोम, हेल्मेटची पारदर्शक काच यांच्यामागेही बहुधा हाच असतो. 8 अंशांना उकळतो, हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. वास कडब्यासारखा.

आणखी एक वाचक: ताई, ‘कडबा’ खटकला. कडबा म्हणजे ज्वारीची वाळली ताटं. हा वास नुकत्या कापलेल्या किंवा कोंदट वाळल्या गवताचा सांगतात. शब्दकोशात इंग्रजी ‘hay’पुढे कडबा छापला, की सगळे तोच उचलतात.

उत्तर: मान्य, ‘वाळलं गवत’ करते. पण वासावर विसंबू नका. तो नाकाला कळेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते, आणि फुप्फुसांत पाणी भरायला कधी कधी कित्येक तास जातात. तोवर माणूस ठीकठाक दिसतो.

प्रश्नकर्ता: आईला वाचून दाखवलं. काकांना तुम्हीच सांगा.