मदत हवी आहे: सुहैलच्या तोंडी 'तू' घालू की 'तुम्ही'?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटाचं पुढच्या महिन्यात वीस मिनिटांचं अभिवाचन आहे. विषय, मक्केचा सुहैल बिन अम्र. मक्केतल्या कुरैश टोळीचा फर्डा वक्ता, इस्लामचा कडवा विरोधक आणि पुढे सहाबी, म्हणजे पैगंबरांचा साथीदार. पैगंबरांचं पात्र किंवा आवाज अर्थातच नाही. म्हातारा सुहैल एकटाच जुनं आठवत बोलतो.

गाडी अडलीये पैगंबर आणि कुरैश यांच्यातल्या हुदैबियाच्या तहापाशी, इ.स. 628. कुरैशांतर्फे बोलणी करायला हाच गेला होता. मसुदा हजरत अली लिहीत होते. आधी 'रहमान' या अल्लाहच्या नावालाच याची हरकत, मग 'अल्लाहचे रसूल' (प्रेषित) या पैगंबरांच्या बिरुदाला. तसं मानत असतो तर काबेच्या वाटेत अडवलं कशाला असतं, पैगंबरांनी नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव घालायचं, हा त्याचा मुद्दा. त्या अरबीत समोरच्या एका माणसाला 'अन्त' म्हटलं की झालं. मराठीत 'तुझं नाव लिही' उर्मट वाटतं, आणि 'तुमचं नाव लिहा' म्हटलं तर भांडणाची हवाच जाते. बिरुद नाकारायचं आणि आदरार्थी बोलायचं, हे कसं जमवू?

त्यात तिथेच त्याचा मुलगा अबू जंदल बेड्यांसकट येऊन उभा राहतो. तो मुसलमान झालेला, बापानेच डांबलेला. तहाचं कलम दाखवून बाप त्याला परत मागतो. मुलाला 'तू' म्हणणं सोपं आहे हो, पण त्याच दमात पैगंबरांशीही बोलायचंय.

आणि बोलणारा म्हातारा आता श्रद्धावान आहे, हा खरा पेच. बद्रच्या लढाईत मुसलमानांच्या हाती कैद झाला तेव्हा पैगंबरांचे साथीदार उमर म्हणाले होते, याचे पुढचे दात पाडू, म्हणजे पुन्हा भाषण करणार नाही. पैगंबरांनी नाही म्हटलं. 630 मध्ये मक्का मुसलमानांच्या हाती पडल्यावर हा घरात दडून बसला, अब्दुल्लाह या दुसऱ्या मुलाकरवी अभय मागितलं, आणि ते मिळालं. 632 मध्ये पैगंबर गेल्याची बातमी आली, मक्केत लोक डळमळू लागले, तेव्हा त्यांना सावरणारं भाषण याच तोंडाने केलं. असा माणूस स्वतःचं जुनं 'तू' जसंच्या तसं उच्चारेल, की जीभ अडखळेल?

सध्या 'तू' ठेवून पुढे छोटा विराम टाकलाय. गटातल्या एका ताईंचं म्हणणं, "तेव्हा मानत नव्हता ना, मग 'तू'च हवं. पण कानाला टोचतं."

कोकणातल्या, मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत हे प्रसंग मराठीत सांगताना विरोधकाच्या तोंडी काय घालतात? ऐकलेलं असेल तर नक्की लिहा. संहितेची चार पानं वाचायची तयारी असेल तर व्यक्तिगत निरोप करा.