किल्लारीचा भूकंप 6.2 चाच होता ना, मग एवढी माणसं कशी गेली?

उदगीरकर_पुण्यात
परवा जेवताना विषय निघाला म्हणून विचारतोय. मी 98 चा, मला काहीच माहीत नाही, पण 30 सप्टेंबर 1993 म्हटलं की आई अजून गप्प होते. वाचलं तर तीव्रता 6.2 दिसते, काही ठिकाणी 6.4. जपानमधे असले धक्के बसतात आणि लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातात, आपल्याकडे जवळपास 10 हजार माणसं गेली. वर शाळेत घोकलेलं की दख्खनचं पठार म्हणजे जुना स्थिर खडक, इथे भूकंप होत नाही. आणि काका म्हणतात सगळं माकणीच्या धरणामुळे झालं. नक्की काय?

बेसाल्टप्रेमी
स्थिर म्हणजे कधीच हलणार नाही असं नसतं, फार क्वचित हलतं एवढाच अर्थ. भारताची आख्खी प्लेट वर्षाला साधारण 5 सेमी उत्तरेला सरकते, पुढे हिमालयाशी अडते, आणि तो दाब मागे पठारापर्यंत पोचतो. खाली कुठे जुनी भेग असेल तर तिथे तो हजारो वर्षं साठत राहतो आणि एका रात्री सुटतो. आपल्याला वाटतं खाली काळा पाषाण किती खोल असेल देव जाणे, पण नंतर किल्लारीत बोअर घेतलं तेव्हा बेसाल्ट जेमतेम 338 मीटर निघाला, त्याखाली ग्रॅनाइटसारखा खूप जुना खडक. म्हणजे बेसाल्ट नुसतं पांघरूण, भेग त्याच्या खाली, वरून दिसणार कशी.
दुसरं म्हणजे खोली. हा भूकंप फारच उथळ होता, किल्लारीजवळ तर शेतातली जमीन चिरून एक बाजू वर उचलली गेली होती. अशा वेळी 6.2 चा सगळा दणका थेट वरच्या गावांना बसतो. आणि तेव्हाच्या नकाशात हा भाग झोन 1 मधे, म्हणजे सगळ्यात कमी धोका! 2002 मधे झोन 1 हा प्रकारच काढून टाकला, लातूरचा तो भाग तेव्हा झोन 3 मधे घातला.
धरणाचं म्हणाल तर कोयनेचं प्रकरण वेगळं. तिथे 1962 पासून पाणी भरायला लागलं, धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 ला 6.3 चा बसला, तो संबंध जगभर मान्य आहे. माकणीच्या धरणाबद्दल, म्हणजे निम्न तेरणाबद्दल, शास्त्रज्ञांतच एकमत नाही. काकांना पूर्ण खोडून काढू नका, पण तेच एक कारण असंही ठोकून सांगता येत नाही.

सास्तूरचा_भाचा
विज्ञान वरच्यांनी सांगितलं, मी बघितलेलं सांगतो. मी तेव्हा नऊ वर्षांचा, आम्ही सोलापुरात. पहाटे चारच्या सुमाराला भांडी पडली म्हणून उठलो, रेडिओ लागला आणि वडील मला घेऊनच निघाले, का घेतलं त्यांनाच माहीत. मामाच्या गावी, सास्तूरला पोचलो तर गाव दिसलंच नाही. नुसती पांढरी माती आणि मधून मधून वर आलेल्या तुळया.
आमच्याकडं माळवदाची घरं. भिंती दोन-दोन हात रुंद, दगड आणि चिखल, वर लाकडं आणि त्यावर पांढरी माती. पाऊस यायच्या आधी गळू नये म्हणून दरवर्षी मातीचा आणखी एक थर टाकायचा, आधीचा काढायचा नाही. आजोबांनी टाकला, मामानं टाकला, असं किती टन डोक्यावर होतं कोण मोजणार. उन्हाळ्यात घर इतकं गार की मी सुट्टी संपली तरी निघायचो नाही.
आदल्या वर्षी 92 च्या ऑक्टोबरला छोटे धक्के बसायचे, जमिनीतून गडगड आवाज यायचा, महिनाभर सगळं गाव बाहेर झोपलं, मग काही होत नाही म्हणून हळूहळू आत गेलं. एक मामी तेवढी अंगणातच बाज टाकायची, सगळे हसायचे तिला. त्या रात्री अनंत चतुर्दशी होती, गणपती शिरवून पोरं उशिरा आली आणि दमून आत झोपली. मामी राहिली. नंतर पाऊस लागला, कोरडं लाकूड मिळेना, तर घराच्याच तुळया ओढून त्यावर माणसं जाळली. ह्याच्यापुढचं नाही लिहीत.

ओळंबा
मी सिव्हिलवाला. वर लिहिलेल्या भिंतीत दोष एवढाच की ती एक भिंत नसायचीच, बाहेरचे दगड आणि आतले दगड अशा दोन भिंती, मधे भर. आरपार जाणारा लांब दगड टाकतच नव्हते. हादरा बसला की दोन्ही बाजू फुगून सुटतात आणि वरची माती खाली. त्यात वेळ पहाटे 3:56 ची, सगळे छपराखाली. म्हणून जपानशी तुलना करताना आकड्याला आकडा लावू नका, घराला घर लावा.
पुनर्वसनाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. 52 गावं नव्या जागी बसवली, जागतिक बँकेचा पैसा आला, घरं टिकाऊ झाली हे मान्य. पण ज्याची जेवढी शेतजमीन त्या हिशोबाने 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं, सरळ रेषेत रुंद रस्ते, एखाद्या कॉलनीसारखं. गल्ली, पार, वाड्याची ओसरी सगळं गेलं, शेत लांब पडलं. बैल बांधायचा कुठे हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलाच नाही.

सास्तूरचा_भाचा
अगदी. मामी त्या पक्क्या घरात कधी झोपलीच नाही. पुढं पत्र्याचं शेड मारलं, घरात ज्वारीची पोती.

उदगीरकर_पुण्यात
सगळ्यांना थँक्यू, भाचा तुम्हाला विशेष. आईला हे वाचून दाखवलं तर पहिल्यांदा बोलली. म्हणे त्याच दिवाळीत अण्णांनी आमच्या माळवदाची माती उतरवली, अकरा बैलगाड्या निघाली, आणि पत्रे टाकले. मला वाटायचं आमचं घर आधीपासून पत्र्याचंच.

ओळंबा
चांगलं केलं अण्णांनी. वाऱ्याने उडू नये म्हणून त्या पत्र्यांवर धोंडे ठेवलेत का अजून? असतील तर पुढच्या खेपेला गेलास की खाली काढ आणि पत्रे जे-हुकाने आवळून घे.

उदगीरकर_पुण्यात
आहेत. सात-आठ तरी. माझ्या खोलीवरच तीन.