शब्दचर्चा : 'महान', 'दिग्गज' की 'हुकमी'? मुंबईच्या संघांतले मोठे खेळाडू आणि भिंतीवरचा मथळा

घोडबंदरकर :

आमच्या सोसायटीच्या कमिटीने क्लबहाऊसची एक भिंत खेळाडूंसाठी सोडली आहे. मुंबई इंडियन्स (पुरुष आणि महिला दोन्ही), यू मुंबा (कबड्डी) आणि मुंबई सिटी (फुटबॉल), या संघांतल्या मोठ्या खेळाडूंची चित्रं आणि वर मराठीत मथळा, अशी कल्पना. कोणाची चित्रं काढायची यावरून ग्रुपवर जे व्हायचं ते झालं, ते इथे आणत नाही. माझी अडचण मथळ्याची. सेक्रेटरींनी 'मुंबईचे महान खेळाडू' असं ठरवून टाकलंय. मला 'महान' खटकतोय, पण का ते सांगता येत नाही. 'सर्वश्रेष्ठ' लिहावं की 'दिग्गज'? शिवाय 'मुंबईचे' म्हटल्यावर मुंबई इंडियन्सचा, पण वेस्ट इंडिजचा पोलार्ड त्यात बसतो का, असा बी विंगचा रोकडा सवाल आहे. जाणकारांनी सांगावं. पेंटर रविवारी येतोय आणि अक्षरामागे पैसे घेतो.

नौपाड्याच्या बाई :

अक्षरामागे पैसे घेत असेल तर 'थोर' लिहा, दोनच अक्षरं.

थट्टा सोडा. 'थोर' म्हटलं की हार घातलेली तसबीर डोळ्यांपुढे येते. चालत्याबोलत्या माणसाला आपण थोर म्हणतो ते बहुधा टोमणा म्हणून : 'थोर आहेस बाबा!' 'महान'चंही हळूहळू तेच होत चाललंय. व्याकरणाने त्यात खोट नाही. संस्कृत 'महत्'चं पुल्लिंगी रूप महान्, स्त्रीलिंगी महती. मराठीने 'महान' पुरुषाला, बाईला, देशाला, कोणालाही सरसकट लावला आणि 'महती'ला नाम करून टाकलं. खटकतं ते यासाठी की 'महान' म्हटल्यावर माणसाचा सगळा हिशेब पुरा झाला असं वाटतं. उद्या ज्याची मॅच आहे त्याला महान म्हणणं जरा घाईचंच.

'सर्वश्रेष्ठ' मात्र लिहू नका. 'श्रेष्ठ'मध्येच 'सगळ्यांत चांगला' हा अर्थ आहे. प्रशस्य, श्रेयस्, श्रेष्ठ अशी ती चढण. 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'वरिष्ठ' ही त्याचीच भावंडं. आपण 'श्रेष्ठ' इतका वापरला की त्यातला 'सगळ्यांत' झिजून गेला, म्हणून पुढे 'सर्व' जोडला. तोही झिजला की 'सर्वश्रेष्ठतम' येतं. निमंत्रणपत्रिकांवर पाहिलंय मी ते.

शेवटचं षटक :

बाई, आणि 'दिग्गज'? वर्तमानपत्रात तर रोज एक दिग्गज निवृत्त होतो.

नौपाड्याच्या बाई :

दिग्गज म्हणजे दिशांचे हत्ती. ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. आठच. घोडबंदरकरांच्या भिंतीवर आठ चित्रं असतील तर खुशाल लिहा, नववा आला की त्याला दिशा कुठली देणार? बाकी चांगला शब्द आहे. पृथ्वी पेलून धरणारा, आणि जागचा न हलणारा! संघ न बदललेल्याला शोभेल.

चढाईबहाद्दर (कळवा) :

जागचा न हलणारा म्हणजे आमचा फझल अत्राचली बाद झाला. इराणचा गडी, २०१५ला यू मुंबाकडे आला, पहिल्याच वर्षी विजेता, पुढे इथेच कर्णधार. डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की चढाई करणाऱ्याचे पाय आधी वाजायचे, मग दम. आणि २०२२ला कुठे गेला? पुणेरी पलटणकडे. कळव्यात दोन दिवस सुतक.

माझं म्हणणं वेगळंय. तुम्ही सगळे क्रिकेटच्या बातम्यांतून शब्द उचलताय. कबड्डीकडे स्वतःचे शब्द आहेत. पहिला 'धुरंधर'. धुरा म्हणजे बैलाच्या मानेवर येतं ते जू, ते वाहणारा तो धुरंधर. कर्णधार बदलला की पेपरात 'संघाची धुरा अमुककडे' येतं ना, तीच धुरा. म्हणजे धुरंधर हा खरा कर्णधारालाच लागावा. अनुप कुमार! यू मुंबा प्रो कबड्डीच्या पहिल्या तीनही हंगामांत अंतिम फेरीत होता. २०१४ला जयपूरकडून हरला, २०१५ला बंगळुरूला ३६-३० ने हरवून जिंकला, २०१६ला पाटण्याकडून हरला. तिन्ही वेळा जू त्याच्याच मानेवर.

त्याचा बोनस, म्हणजे चढाईतला जादा गुण, ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. समोर सहा किंवा सात बचावपटू असले तरच बोनस मिळतो. एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. अनुप हे असं करायचा की जणू घरात उंबरठा ओलांडतोय. ना उडी, ना आरडाओरड. कोपऱ्यातला हात घालेपर्यंत हा मध्यरेषेकडे वळलेला. अशाला आमच्याकडे 'कसलेला' म्हणतात. 'महान' कोणी म्हणत नाही.

वागळे इस्टेट :

एवढं संस्कृत कशाला? 'बाप' लिहा. 'मुंबईचे बाप खेळाडू'. ठाण्यात दहा वर्षांच्या पोरालाही कळेल.

नौपाड्याच्या बाई :

कळेल, पण 'मुंबईचे बाप' एवढंच वाचून लोक पुढे जातील.

शेवटचं षटक :

मी 'हुकमी'च्या बाजूने.

आपण 'हुकमी गोलंदाज', 'हुकमी एक्का' म्हणतो त्यात दोन धागे आहेत. एक, हुकूम केला की काम करणारा. दुसरा पत्त्यांतला. ठाणे फास्टमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून मेंढीकोट खेळलेल्यांना सांगायला नको : हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. संघातल्या खेळाडूचं असंच असतं. जगात त्याची किंमत किती, हा प्रश्न वेगळा. त्या डावात, त्या संघात तो हुकूम होता का, एवढंच पाहायचं.

२०१९चा आयपीएलचा अंतिम सामना घ्या, मुंबई विरुद्ध चेन्नई, हैदराबादला. मुंबईच्या १४९. चेन्नईला शेवटच्या षटकात ९ हव्यात. मलिंगाने आधीच्या तीन षटकांत ४२ दिलेल्या, म्हणजे त्या दिवशी तो बदडला गेला होता. तरी रोहितने चेंडू त्याच्याच हातात दिला. एक, एक, दोन. चौथ्या चेंडूवर एक काढून दुसरीसाठी पळताना वॉटसन ८० वर धावबाद. पाचव्यावर शार्दूल ठाकूरने दोन काढल्या. शेवटच्या चेंडूवर दोन हव्यात, आणि मलिंगाने वेग काढून घेतलेला चेंडू थेट पायावर टाकला. पायचीत. एका धावेने चषक.

याला हुकमी नाही म्हणायचं तर कोणाला?

चढाईबहाद्दर (कळवा) :

पण त्या दिवशीचा सामनावीर बुमरा होता ना? ४ षटकं, १४ धावा, २ बळी. हुकूम केला की काम करणारा तुझ्याच व्याख्येने तो. मलिंगाने तर ४९ दिल्या.

शेवटचं षटक :

मान्य. म्हणूनच या दोघांवरून आमच्या घरात आजही जेवणं थंड होतात. आणि आकड्यांवर जायचं तर मलिंगाचे १७० बळी, सगळे मुंबईसाठीच. बुमराने २०२५ला ते मागे टाकले. पण शेवटच्या षटकात नऊ हव्या असताना, तीन षटकं मार खाल्लेल्या माणसाकडे चेंडू देण्यामागे जे काही असतं त्याला शब्द काय?

नौपाड्याच्या बाई :

त्याला शब्द आहे, आपण अर्थ बदलून बसलोय. 'मातब्बर'. मूळ अरबी, अर्थ ज्याच्यावर विसंबता येतं असा. जुन्या कागदांत 'मातबर असामी' म्हणजे ज्याचा शब्द चालतो, ज्याला उसने पैसे देताना धाकधूक नाही असा गृहस्थ. भरवशाच्या माणसाकडे बहुधा पैसाही असतो, म्हणून पुढे मातब्बरचा अर्थ 'बडा', 'धनाढ्य' असा सरकला. मूळ अर्थ धरला तर बुमरा हुकमी, मलिंगा मातब्बर. तुमच्या घरातली जेवणं आता गरम राहायला हरकत नाही.

'अव्वल'ही कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. पहिला, हा अर्थ चोख आहे आणि कबड्डीत 'अव्वल पकड' रुळलंय. पण मामलेदारची मिसळ खायला गेलं की शेजारी तहसील कचेरी, आणि तिथे अव्वल कारकून बसतात. मला अव्वल म्हटलं की तेच आठवतात.

नेरुळवासी :

सगळे विशेषणावर भांडताय. बी विंगचा प्रश्न जास्त अवघड आहे, त्याला कोणी हात लावेना. 'मुंबईचे' म्हणजे काय?

मराठीत दोन सोयी आहेत, '-चा' आणि '-कर'. '-कर' माणसाला चिकटतो. गाव सुटलं तरी तो सुटत नाही, आडनाव होऊन बसतो. '-चा' सैल आहे. मुंबईचा पाऊस, मुंबईचा डबेवाला, मुंबईचा पाहुणा, सगळं चालतं. पोलार्ड त्रिनिदादचा. पण २०१० ते २०२२ आयपीएलचे १८९ सामने खेळला ते सगळे मुंबईकडून. मुंबईचा तो नक्कीच, मुंबईकर म्हणायला मात्र जीभ अडखळते. आता रोहित पाहा. जन्म नागपूरचा, घरची भाषा तेलुगू, वाढला बोरिवलीत. त्याला मुंबईकर म्हणायला कोणी क्षणभर थांबत नाही. म्हणजे '-कर' जन्मावर ठरत नाही, घरच्या भाषेवरही नाही. गंमत म्हणजे हाच रोहित २००९ला डेक्कन चार्जर्सकडून खेळताना मुंबई इंडियन्सविरुद्ध हॅट्ट्रिक घेऊन गेला होता. त्या दिवशी तो मुंबईकर होताच, फक्त मुंबईचा नव्हता.

याचा कळस मी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर पाहिला. मार्च २०२३, महिलांच्या लीगचा एलिमिनेटर, मुंबई विरुद्ध यूपी. इंग्लंडची इसी वाँग मुंबईकडून टाकतेय. लागोपाठ तीन बळी : किरण नवगिरे, सिमरन शेख, सोफी एक्लस्टन. त्या लीगमधली पहिली हॅट्ट्रिक. किरण सोलापूर जिल्ह्यातली, सिमरन धारावीची. म्हणजे 'मुंबईच्या' वाँगने मुंबईकर सिमरनचा त्रिफळा उडवला आणि आम्ही नेरुळवाले उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाजूचा एक काका म्हणाला, 'आपलीच आहे ती.' कोणती ते मी विचारलं नाही.

वागळे इस्टेट :

मग सुनील छेत्री? २०१५ला तुमच्याच नेरुळला मुंबई सिटीकडून हॅट्ट्रिक मारलेली, आयएसएल या फुटबॉल लीगमधली भारतीयाची पहिली.

नेरुळवासी :

पाहुणा. पंगतीत वाढून गेला, पण पाहुणा. मुंबई सिटीचं नाव घ्यायचं तर बिपिन सिंग, २०२१च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल करणारा. फुटबॉलला मराठी शब्दच कमी पडतात, ते एक दुखणंच आहे, पण त्याचा धागा वेगळा काढू.

चढाईबहाद्दर (कळवा) :

'मुंबईचा राजा रोहित शर्मा' ही घोषणा विसरलात का? कर्णधारपद गेलं आणि २०२४ला वानखेडेवर ती जास्तच घुमायला लागली. ती सरळ गणपतीतून उचललीय. लालबागचा राजा, तसा मुंबईचा राजा. आता गणपती कुठल्या गावात जन्मला हे कोणी विचारतं का? मंडपात बसवला की तो त्या आळीचा.

आणि बाहेरच्याला आपला म्हणायला कबड्डीत जुना शब्द आहेच, 'गडी'. सात गडी, गडी बाद, गडी उठला. गावच्या स्पर्धेत 'बाहेरचे गडी आणले' म्हणून पंचांकडे तक्रार होते, पण तक्रारीतसुद्धा तो गडीच असतो, भाडोत्री म्हणायची कोणाची छाती नाही. फझल पुण्याला गेला म्हणून आम्ही सुतक पाळलं ते गडी होता म्हणूनच ना?

क्रिकेटच्या बातमीतही 'पाच गडी राखून विजय' असतं. आणि लिलावाआधी मालक खेळाडू 'राखतात' तेही तेच क्रियापद. मैदानावर गडी राखायचे, लिलावातही गडी राखायचे.

घोडबंदरकर :

सगळ्यांचे आभार. काल कमिटीपुढे तीन पर्याय ठेवले : 'मुंबईचे मातब्बर', 'मुंबईचे धुरंधर', 'मुंबईचे खंदे गडी'. मातब्बरला ए विंगने हरकत घेतली, म्हणे बिल्डर लोकांची यादी वाटते. धुरंधर म्हटलं तर चारपाचच चित्रं उरतात, रोहित, हरमनप्रीत, अनुप वगैरे, आणि भिंत सोळा फुटांची. शेवटी 'मुंबईचे खंदे गडी' सहा विरुद्ध चार मतांनी पास झाला. सेक्रेटरी अजून 'महान'वरच आहेत, पण त्यांनी सही केली.

आता नवी भानगड. सी विंगमधल्या मुलींनी विचारलंय की हरमनप्रीत, नॅट सिव्हर-ब्रंट आणि वाँग यांची चित्रं 'गडी' खाली कशी? गडी पुल्लिंगी आहे. 'गडणी' लिहायचं का?

नौपाड्याच्या बाई :

'गडणी' म्हणजे मैत्रीण, सखी. शब्द सुंदर आहे, पण तो संघात खेळत नाही, ओवीत राहतो. तो नको.

चढाईबहाद्दर (कळवा) :

मुलींच्या कबड्डीत 'गडी बाद' असंच ओरडतात, मी स्वतः पंच म्हणून ओरडलोय. २०२३ची महिलांची फायनलही मुंबईने 'सात गडी राखून'च जिंकली होती.

शेवटचं षटक :

पण तिथे गडी म्हणजे विकेट. मुली विचारतायत ते माणसाचं.

नौपाड्याच्या बाई :

बरोबर विचारतायत. 'खंदे खेळाडू' करा, खेळाडू दोन्हीकडे चालतो. 'खेळाडू'त 'गडी'पेक्षा एकच अक्षर जास्त आहे, त्याचे पैसे माझ्याकडून घ्या.